कॉट ब

बसमध्ये पुढच्या सीटवरची दोन माणसं हसत होती, आणि ती कशाला हसताहेत हे कळायला त्याला दोन थांबे लागले. एकाने आपला फोन दुसऱ्याच्या नाकासमोर धरला होता. "पत्ता वाच, पत्ता," तो म्हणत होता. "तिसरा मजला, खोली तीनशे बारा, कॉट ब. कॉटने देणगी दिलीय लेका! उद्या उशी देईल, परवा चादर देईल." दुसरा खोकला येईपर्यंत हसला. पहिल्या झटक्याला त्यालाही हसू आलं, ओठ हललेसुद्धा. मग ते 'कॉट ब' त्याला ओळखू आलं. ती अक्षरं त्याची होती. त्यानेच ती लिहिली होती, काळ्या बॉलपेनने, एका चौकोनात एक अक्षर, चौकोनाबाहेर रेघ जाऊ न देता. निवडणुकीला कुणी कुणाला किती पैसे दिले त्याची यादी लोकांसाठी खुली होते, हे त्याला माहीत होतं. पण यादी खुली होणं वेगळं आणि बसमध्ये कुणीतरी ती मोठ्याने वाचणं वेगळं. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. उतरायचा थांबा आला तरी तो बघतच राहिला, आणि पुढच्या थांब्यावर उतरून उलटा चालत आला. आपल्या पाठीवर कागद चिकटवलाय आणि मागून येणारा जो तो तो वाचतोय, असं त्याला सगळ्या रस्ताभर वाटत होतं.

ज्या संस्थेत तो कामाला होता तिची शहरात सात वृद्धनिवासं होती, आणि सातही ठिकाणच्या सेविकांच्या ड्यूट्या लावणं हे त्याचं काम. त्यामुळे सगळे त्याला ड्यूटीमास्तर म्हणत. पुढे नुसतं मास्तर झालं. सव्वीस वर्षं तो हे करत होता. कुणाचं मूल कधी आजारी पडतं, कोण सोमवारी हमखास उशिरा येते, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. तो आधी पेन्सिलीने कागदावर चार्ट काढायचा आणि मगच संगणकात भरायचा. बायका त्याला मान द्यायच्या. पण वरच्या साहेबांनी त्याला मान दिला तो 'फिरती'मुळे. फिरती ही त्याचीच युक्ती. माणसं कमी पडायला लागली तेव्हा त्याने एका सेविकेला कुठलाच मजला न देता तीन मजल्यांच्या मध्ये सोडली. बेल वाजेल तिकडे तिने जायचं. चार्टात मात्र ती तिन्ही मजल्यांवर दिसायची. एक बाई, तीन ठिकाणी हजर. खोटं म्हणाल तर खोटं नाही, कारण त्या तासात ती तिन्ही मजल्यांवर केव्हा ना केव्हा जातच असे. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता. पुढच्या वर्षी सातही निवासांत फिरती लागू झाली, आणि कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना मिळणाऱ्या अर्ध्या दराच्या सवलतीत त्याच्या आईला तिसऱ्या मजल्यावरची खिडकीकडची कॉट मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं तो स्वतःला सांगायचा.

मग तो नवा कायदा येणार अशी बातमी आली. दर आठ म्हाताऱ्यांमागे एक सेविका, दिवसा आणि रात्री, आणि ती त्या मजल्यावर अंगाने हजर पाहिजे. 'अंगाने' हा शब्द त्याला स्वतःला उद्देशून लिहिल्यासारखा वाटला. या कायद्याविरुद्ध जो उमेदवार उभा होता त्याचा हसरा चेहरा भिंतीभिंतीवर लागला होता. बायकोने त्याचं नावच हसरा ठेवलं होतं. तो म्हणायचा, असा कायदा झाला तर निवासं बंद पडतील आणि म्हातारे रस्त्यावर येतील. संस्थेला स्वतः देणगी देता येत नव्हती, कर्मचाऱ्यांना देता येत होती. एका महिन्याच्या पगारात सगळ्यांना कसलासा प्रोत्साहन भत्ता आला. पुढच्या महिन्यात फॉर्म आले, आणि फॉर्मवर पेन्सिलीने हलकेच लिहिलेला आकडा जवळजवळ भत्त्याएवढाच होता. कुणी कुणाला काही बोललं नाही. बोलण्याची गरजच नव्हती, आपल्याच बोटाने आपल्याच तोंडात घास घालायचा असतो तसं होतं ते. त्याने आपला फॉर्म भरला. त्याला त्यात फारसं काही वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचं मात्र दोन-चार दिवस वाटलं. पण एका माणसाने किती द्यायचे याला मर्यादा होती. म्हणून कर्मचारी विभागाच्या मॅडमनी सतरा जणांना बोलावलं. ज्यांच्या ज्यांच्या घरचं कुणी सवलतीत राहत होतं असे नेमके सतरा. "घरातलं आणखी कुणी द्यायला उत्सुक असेल तर बघा," त्या म्हणाल्या. "सक्ती काहीच नाही." एवढं म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा फॉर्म दिला.

बायकोला विचारलं तर तिने भांडं घासता घासताच उत्तर दिलं, "माझं नाव लावून तर बघ." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्याला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. मग उरली आई. आईला विचारायचं त्याने ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. एका रविवारी फॉर्म खिशात घालून तो गेलाही. पण आई त्या दिवशी खुशीत होती, खिडकीतून दिसणाऱ्या झाडावर कुठलासा पक्षी घरटं बांधत होता त्याच्याबद्दल सांगत होती, आणि फॉर्म खिशातच राहिला. घरी येऊन त्याने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. आईचं खातं तोच बघत असे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. त्याने नाव लिहिलं. वय ब्याऐंशी. व्यवसाय: टेलिफोन ऑपरेटर, निवृत्त. सध्याचा पूर्ण पत्ता. त्याने आयुष्यात कधी कुठला फॉर्म अर्धवट सोडला नव्हता. चौकोन दिसला की भरायचा. रस्ता भरला, मजला भरला, खोली भरली, तरी सात चौकोन उरले, आणि त्याच्या हाताने सवयीने पुढे 'कॉट ब' लिहिलं. चार्टात तो आईला असंच लिहायचा. मग त्याने तिची सही केली. ती कशी करायची ते त्याला पाठ होतं. एका दमात, न अडखळता. आणि ती करताना हात हलका झाला होता, बोटांना कसलीतरी गोडी आली होती, ते त्याला त्या वेळी जाणवलं आणि त्याने ते तसंच झाकून टाकलं.

ऑफिसात पोचला तर टेबलावर बसायच्या आधीच मावशीचा फोन. ही आईची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात राहायची, आवाज मात्र फोनशिवायही इथवर आला असता. "अरे, ताईने म्हणे त्या हसऱ्याला पैसे दिले? माझी सून यादी दाखवते आहे मला."

"मावशी, मी नंतर बोलतो."

"नंतर कशाला? ताईने जन्मात कुणाला सांगितलं नाही मत कुणाला दिलं ते. तुझ्या बापाने जंग जंग पछाडलं तर म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. अन् आता यादीत नाव? थांब, मी ताईलाच विचारते."

"तिला नको विचारू."

"का रे?"

त्याला पटकन काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही. तेवढ्यात मावशीला जे कळायचं ते कळलं. "अरे मेल्या," ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. तिचा हा खालचा आवाज त्याने वडील गेले तेव्हा ऐकला होता, त्यानंतर आजच.

आई चोवीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत होती. कानाला यंत्र लावून बसायचं, नंबर जोडायचे, आणि कानावर पडलेलं ओठावर येऊ द्यायचं नाही. शहरातली निम्मी लफडी तिला ठाऊक असतील, पण घरी येऊन तिने एक अवाक्षर काढलं नाही. तो अकरा वर्षांचा असताना तिथे संप झाला. सदतीस दिवस चालला आणि मोडला. मोडल्यावर वरिष्ठांनी प्रत्येकीसमोर एक कागद ठेवला. मला फसवून संपात ओढलं, मला पश्चात्ताप होतो आहे, खाली सही. ज्यांनी केली त्या दुसऱ्या दिवशी कामावर. आईने केली नाही. तिच्यासारख्या चौघीच. तीन वर्षं ती घरी बसली, कोर्टातून निकाल येईपर्यंत, आणि ती तीन वर्षं त्याने मामेभावाचे जुने बूट घातले. त्यांच्या टोकात कापूस कोंबावा लागायचा आणि पावसात तो कापूस फुगायचा. शाळेच्या सहलीला तो गेला नाही. बाकीच्या बायकांची मुलं गेली. ज्यांच्या आयांनी सही केली त्यांची मुलं गेली. रात्री अंथरुणात तो पायाची बोटं चोळत विचार करायचा, एक सही. एका सहीला असं काय लागतं? आपल्याला येत असती तर आपणच करून दिली असती. हे आठवलं तेव्हा तो ऑफिसातल्या टेबलापाशी उभाच होता, फोन हातात, आणि जेवणाच्या टेबलावर हाताला आलेल्या त्या गोडीचा अर्थ त्याला लख्ख कळला. चाळीस वर्षांपूर्वी तिने न केलेली सही त्याने तिच्याकडून अखेर करून घेतली होती. त्याला स्वतःची किळस आली. तो बाथरूममध्ये जाऊन हात धुऊन आला, साबण लावून, दोनदा.

दुपारी मॅडमनी बोलावलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच वाईट. "अहो मास्तर," त्या म्हणाल्या, "बाकी सोळा जणांनी घरचा पत्ता लिहिला. तुम्हालाच काय कॉट लिहायचं सुचलं?"

"फॉर्मवर होतं मॅडम. सध्याचा पूर्ण पत्ता."

"पूर्ण म्हणजे इतका पूर्ण?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "निवडणूक कार्यालयातून पत्र आलंय. शुक्रवारी अकरा वाजता त्यांची बाई येणार, तुमच्या आईंना भेटायला. स्वतःहून दिले का, सही तुमची का, एवढंच विचारतील. आईंना नीट समजावून सांगा."

"आई खोटं बोलत नाही मॅडम."

हे तोंडातून निघून गेलं. मॅडम जराशा हसल्या, मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. "म्हणूनच हे ठेवा. डॉक्टरांचं पत्र आहे. गेले काही आठवडे त्यांना आठवत नाही, गोंधळ होतो, असं. त्या 'हो' म्हणाल्या तर हे बाहेर काढायचंच नाही. 'नाही' म्हणाल्या तर शांतपणे त्या बाईंच्या हातात द्यायचं. दिले तेव्हा आठवत होतं, आता आठवत नाही. वयात होतं असं, कुणाचा दोष नाही."

"पण पत्र दिलं तर मग आईला..."

"पाचव्या मजल्यावर न्यावं लागेल. नियमच आहे तो. आपली संस्था नियमाने चालते मास्तर." तिसराही एक रस्ता होता, खरं सांगून टाकायचा, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण मॅडमच पुढे म्हणाल्या, "आणि ते दुसरं काही मनात आणू नका. सवलत कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना असते. तुम्ही कर्मचारी राहिला नाहीत तर त्या कुणाच्या आई?"

पाकीट खिशात घालून तो जिन्याने खाली आला. पाचवा मजला, आठवण गेलेल्यांचा, त्याला माहीत होता. तिथे दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि खिडक्या चार बोटंच उघडायच्या. तीस माणसं, एक बाई आणि वाटणीची फिरती. तिथल्या चार्टाची सगळ्यात कमी कटकट, कारण तक्रार करणाऱ्याची तक्रार तिथे धरतच नसत. जिन्यातच त्याने पत्र उघडून वाचलं. तो बुधवार होता, आणि पत्रावर तारीख उद्याची, गुरुवारची होती. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. बायको एकदा म्हणाली, "खरं सांगून टाक की, आणू आईंना इथे." तो म्हणाला, "इथे म्हणजे कुठे?" आणि दोघंही आपल्या दीड खोलीकडे बघत राहिली. बायको मनापासून म्हणाली होती, हे त्याला माहीत होतं. नोकरी गेली तर ही दीड खोलीही राहणार नाही, हेही त्याला माहीत होतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की खरं सांगायचं म्हणजे फिरतीपासून सांगावं लागलं असतं.

कारण गेल्या वर्षी आई पडली होती. दुपारी सव्वातीनला तिने बेल वाजवली. कुणी आलं नाही. तिने आणखी दोनदा वाजवली, मग स्वतःच उठली आणि संडासाच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. चार वाजता चहाची गाडी आली तेव्हा गाडीवाल्या बाईने तिला पाहिलं. पाऊण तास ती फरशीवर होती. त्या वेळी फिरती पाचव्या मजल्यावर होती आणि तिसऱ्याची बाई एकाला अंघोळ घालत होती. चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी चार्ट मागितला, त्याने तो छापून दिला, आणि चार्टात सव्वातीन ते चार तिसऱ्या मजल्यावर दोघी होत्या. चौकशी मिटली. दवाखान्यात तो आईच्या उशाशी बसला तेव्हा ती म्हणाली, "उगाच उठले मी. वाट बघायला हवी होती." त्याने मान हलवली होती. उगाच उठलीस असं म्हणून तो तिला जरासा रागावलासुद्धा होता.

शुक्रवारी तो सव्वादहालाच खोलीत पोचला. कॉट अ वरची आजी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, ती दिवसाचे वीस तास झोपायची. आई खुर्चीत बसली होती. तिने केस विंचरून घट्ट बांधले होते आणि बाहेर जाताना घालायचा तो जाड स्वेटर घातला होता. कुणी येणार आहे हे तिला खालच्यांनी सांगितलं असावं. त्याने संत्री आणली होती, ती सोलायला घेतली. वाक्य त्याने बसमध्ये तयार केलं होतं, आई, एक छोटीशी गोष्ट आहे, असं सुरू होणारं. ते जिभेवर आलं की तो संत्र्याची एक शीर काढायचा. तीन फोडी अगदी स्वच्छ झाल्या. बोटांना वास येत होता. बाहेर कुठेतरी बेल वाजत होती आणि थांबत होती.

"मावशीचा फोन आला होता," आई म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. हवापाण्याचं बोलली." आई त्याच्या हाताकडे बघत होती. "काल डॉक्टर येऊन गेला."

"बरं."

"वार विचारला. साल विचारलं. मग म्हणाला, शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा. मी दोनपर्यंत खाली गेले. तो म्हणाला, आजी बास, आता माझंच चुकेल." ती हसली. तिचं हसू अजून तसंच होतं, एका बाजूने सुरू होणारं. "चांगला पोरगा आहे. जाताना मात्र माझ्याकडे बघेना. ज्यांना वार विचारतात त्यांना वर नेतात, असं इथल्या बायका म्हणतात. त्या कोपऱ्यातल्या शिवणवाल्या बाईला विचारला होता. तिला तर वार बरोबर आला होता."

"तसं काही नसतं आई."

"कागदावर काय लिहिलं असेल रे त्याने? वजाबाकी बरोबर आली ते लिहिलं असेल ना?"

"लिहिलं असेल," तो म्हणाला. पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. वाकला की ते कुरकुरायचं, म्हणून तो ताठ बसला होता. आता सांगायचं, आत्ता, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याने संत्र्याची चौथी फोड सोलली.

अकराला पाच मिनिटं असताना निवडणूक कार्यालयातली बाई आली. बाई कसली, मुलगीच, पंचविशीची, खांद्याला जड पिशवी आणि पायात चालून चालून झिजलेल्या चपला. तिने आपलं ओळखपत्र आधी आईला दाखवलं, मग त्याला. हे त्याला आवडलं आणि त्याची भीतीही वाटली. "तुम्ही जरा बाहेर थांबाल का?" तिने त्याला विचारलं.

"राहू दे त्याला," आई म्हणाली. "त्याला ऐकू दे."

मुलीने आईसमोर फॉर्मची झेरॉक्स धरली. आईने चष्मा लावला. तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सावकाश, चौकोनामागून चौकोन. कॉट ब पाशी ती थांबली. मग सहीपाशी थांबली, तिथे बराच वेळ. त्याचा हात नकळत खिशाकडे गेला होता, आणि आईने कागदावरून नजर उचलली ती त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्या हाताकडे. पाकिटाचा कोपरा खिशाबाहेर आला होता. ती तो कोपरा बघत राहिली. तिने एक श्वास घेतला, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि पाठ सरळ केली.

"ही देणगी तुम्ही स्वतःहून दिलीत, आजी?"

"हो."

"सही तुमची आहे?"

"माझीच."

"कुणी सांगितलं म्हणून केलीत? घाबरू नका, खरं सांगा."

"ब्याऐंशी वर्षांत कुणी सांगितलं म्हणून मी सही केलेली नाही," आई म्हणाली. "मी ज्या कचेरीत होते तिथे चौकशी करा, तिथल्या जुन्या कागदांत सापडेल." तिचा आवाज सपाट होता, कुणाचंही बोलणं कुणालाही जोडून देणाऱ्या बाईचा.

मुलगी थोडी गोंधळली. तिला वेगळं उत्तर अपेक्षित असावं, कदाचित हवंही असावं. "मग याच उमेदवाराला का दिलेत? एवढं विचारते, नाही सांगितलंत तरी चालेल."

"सांगते की. तो म्हणतो, म्हाताऱ्यांना इतकी माणसं लागत नाहीत. बरोबर आहे त्याचं. मी गेल्या वर्षी तिथे पडले, त्या दारात. पाऊण तास पडून होते. कुणी आलं नाही. म्हणून काही मेले का मी? चार्टात त्या वेळी दोघी होत्या म्हणे मजल्यावर. मला एकही दिसली नाही, पण माझे डोळे म्हातारे. कागदाचं बरोबर असणार."

मुलीचं पेन थांबलं. तिने दाराकडे पाहिलं, मग आईकडे, मग त्याच्याकडे. तो फरशीवर सांडलेली संत्र्याची साल बघत होता. हा माणूस कुठे काम करतो हे तिच्या कागदात होतं. काय काम करतो ते नव्हतं. "हे माझ्या कामात येत नाही, आजी," ती शेवटी हळूच म्हणाली. "मला फक्त देणगीचं विचारायला पाठवलंय."

"माहीत आहे मला. आणा, कुठे सही करायची?"

आईने जबाबावर सही केली. हाड मोडल्यापासून तिचा हात थरथरत असे. सही तिरकी उतरली, मधेच तुटली, आणि झेरॉक्सवरच्या त्या गुळगुळीत सहीशेजारी अगदीच वेगळी दिसली. मुलीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. कॉट अ वरची आजी झोपेत काहीतरी पुटपुटली. "वय झालं की सही बदलते," आई म्हणाली, आणि चष्मा काढून घडी घालून ठेवला. मुलीने कागद पिशवीत भरले, आईला नमस्कार केला, आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. तिच्या झिजलेल्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला.

आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती पुढे आयुष्यभर वाटणारच होती. पण त्या क्षणाला आधी आली ती सुटका, तापातून घाम फुटावा तशी, मानेतून, खांद्यांतून, थेट तळव्यांपर्यंत. पत्र काढावं लागलं नाही. नोकरी राहिली, कॉट राहिली, सोमवारी चार्ट लावायचा होता. त्याने मोठा श्वास सोडला, आणि सोडता सोडता वर पाहिलं तर आई त्याच्याकडेच बघत होती. आता त्याच्या हाताकडे नाही. तोंडाकडे. त्याच्या तोंडावर जे काही पसरलं होतं ते ती सगळं वाचत होती, मघा तो कागद वाचला तसं, काही न सोडता. त्याने चेहरा सारखा करायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता.

"आई," तो म्हणाला, "मी तुला सांगणार होतो."

"मला वर नेणार नाहीत ना आता?"

"नाही. आता कशाला नेतील?"

"मग झालं तर."

तिने स्वेटरची बटणं काढायला घेतली. वरचं निघेना. तो मदतीला उठला तेव्हा तिने हात जरा बाजूला केला, आणि तो मधेच उभा राहिला. ती एकटीच बटणाशी झगडत राहिली. ते निघालं, मग दुसरं निघालं. संत्र्याच्या फोडी बशीत तशाच होत्या. त्याने सालं गोळा केली, डब्यात टाकली, पिशवी उचलली.

"येतो, आई," तो दारात नेहमीसारखा म्हणाला. "रविवारी येतो."

आईने मान वर केली नाही.

"जा," ती म्हणाली.